सिलिकॉनसुद्धा ओघळतं: पुण्याच्या कुंभारापासून ह्यूस्टनच्या टिमी जीनपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा बसमध्ये हेडफोन विसरलाय, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मी जिथे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय जरा वेगळा आहे. आधीच सांगते, घरच्या मोठ्यांसमोर स्पीकरवर लावाल तर थोडं चुळबुळायला होईल. लावा तरीपण.

झालं असं, की आपल्या जालना जिल्ह्यातल्याच एका ऐकणाऱ्या मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. तिच्या परवानगीने सांगतेय, नाव-गाव नाही. ती म्हणाली, "ताई, ब्रेस्ट इम्प्लांट बसवून सात वर्षं झाली. मधे बाळंतपण झालं. आता एक बाजू खाली आलीय, दुसरी तिथेच आहे. नवऱ्याशिवाय कुणाला माहिती नाही. डॉक्टर म्हणतात परत ऑपरेशन करावं लागेल. तुम्ही इतिहास सांगता ना, इतिहासात असं कुणाचं झालंय का?"

मी डॉक्टर नाही, मी बीटेक. दिवसभर कोड लिहिते आणि रात्री जुनी पुस्तकं चाळते. त्यामुळे काय करावं हे मी तिला सांगू शकत नाही. पण "इतिहासात असं कुणाचं झालंय का" हा प्रश्न माझ्या हद्दीतला आहे. आणि त्याचं उत्तर आहे: हो, झालंय. जगातल्या पहिल्याच बाईचं झालंय.

पण तिच्यापर्यंत जायच्या आधी पुण्याला जावं लागेल. १७९४ च्या आधीच्या पुण्याला, सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात.

लंडनमध्ये 'जेंटलमन्स मॅगझीन' नावाचं मासिक निघायचं. त्याच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आलं, खाली सही फक्त 'बी. एल.' अशी दोन अक्षरं. सोबत एका माणसाचं चित्र. पत्रात हकिगत अशी: काउसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचं काम करत होता. तो टिपू सुलतानाच्या माणसांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवीन नाक बसवून दिलं. हे ऑपरेशन मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं.

नाव वाचून आपल्याला पारशी वाटतो, पण पत्रात स्पष्ट मराठा म्हटलंय. मला वाटतं मूळ नाव कावजी असावं आणि इंग्रजाच्या कानाने त्याचं काउसजी केलं. हा माझा अंदाज, परीक्षेत लिहू नका.

तर ऑपरेशन कसं केलं? आधी मेणाचा एक पातळ पत्रा कापलेल्या नाकाच्या जागेवर बसवून नाकाचा आकार केला. मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ मारली. रेघेच्या आतली कातडी सोलली, पण पूर्ण तोडली नाही. दोन भुवयांच्या मधे एक बारीक पट्टी जोडलेली ठेवली. कातडी फिरवून खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली. वरून काथ पाण्यात कालवून, तो कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या. हो, पानात खातो तोच काथ. चार दिवस दुसरं काही नाही. मग तुपात भिजवलेलं कापड. साधारण पंचविसाव्या दिवशी ती भुवयांमधली पट्टी कापून टाकली.

या सगळ्यात सगळ्यात हुशारीची गोष्ट कोणती? ती बारीक पट्टी. कारण तिच्यातून रक्त येत राहतं. कातडी पूर्ण तोडून दुसरीकडे चिकटवली असती तर ती मेली असती. पट्टी जोडलेली ठेवली की नव्या जागी मुळं धरेपर्यंत तिला जुन्या जागेवरून पुरवठा चालू. आपल्या भाषेत, नवीन सर्व्हर नीट चालू होईपर्यंत जुना बंद करायचा नाही. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि हे करणारा माणूस कोण? पत्रात त्याची जात दिली आहे, वीट करणारा, म्हणजे आपला कुंभार. नाव नाही. काउसजीचं नाव आहे, दोन्ही इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत, ज्याने हाताने नाक घडवलं त्याचं नाही. काही इंग्रजी पुस्तकांत सर्जनचं नाव 'कुमार' असं छापतात, ते बहुधा 'कुंभार'चंच झालेलं आहे. मला हे दर वेळी खटकतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर याच गोष्टीचा एक फॉरवर्ड फिरतो, की सुश्रुताने सगळं लिहून ठेवलं होतं, इंग्रजांनी चोरलं. जरा थांबा. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची रीत आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिथे कातडी गालावरून घेतात. पुण्यात ती कपाळावरून घेतली. मधल्या शेकडो वर्षांत कुणीतरी, पोथी न वाचलेल्या कुणीतरी, ही रीत बदलली, सुधारली, हातातून हातात दिली. चोरी वगैरे सोडा, पण या अनाम माणसांचं श्रेय आपण पुन्हा एकदा पोथीला देऊन टाकतो, त्याचं काय?

पुढे लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने ते पत्र वाचून वर्षानुवर्षं मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक तसंच बसवलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. १८१८ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ग्राफेचं पुस्तक आलं, त्याच्या नावातच 'प्लास्टिक' हा शब्द होता. प्लास्टिक म्हणजे बादलीचं प्लास्टिक नव्हे, ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणं, मातीला आकार देणं. म्हणजे कुंभाराचंच काम! शब्दाने नकळत त्याची आठवण ठेवली.

(एक बारीकशी गल्ली: काउसजीसारखे बैल हाकणारे नसते तर इंग्रजांच्या तोफा हलल्याच नसत्या. ते पत्र छापून नऊ वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ ला, आपल्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई जिंकली. तो माणूस बैलांच्या हिशोबाच्या बाबतीत फार काटेकोर होता. असईवर वेगळा एपिसोड करायचाय, आठवण करत राहा.)

आता नाकावरून छातीवर येऊ.

आपल्याकडे "नाक कापलं" म्हणजे अब्रू गेली. काउसजीचं नाक शत्रूने कापलं होतं, म्हणून ते परत बसवणं सगळ्यांना योग्यच वाटलं. त्याला कुणी विचारलं नसेल, की अरे, श्वास तर घेता येतोय ना, मग कशाला हौस? बाईच्या छातीचा विषय आला की हा प्रश्न लगेच येतो. आणि गंमत बघा, छातीच्या बाबतीत पहिलं नोंदलेलं ऑपरेशन मोठं करण्यासाठी नव्हतंच. ते दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून होतं.

१८९५ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या व्हिन्सेन्झ चेर्नी या सर्जनने एक केस छापली. बाई रंगभूमीवर काम करणारी. तिच्या एका स्तनातली गाठ काढावी लागली. काढल्यावर तिथे खड्डा पडणार, एक बाजू बसकी दिसणार. तिच्या कमरेजवळ चरबीची एक मऊ गाठ होती, ज्याला लिपोमा म्हणतात. चेर्नीने ती काढली आणि स्तनातल्या रिकाम्या जागेत बसवली. आपल्याच अंगातलं सामान, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत.

याच दशकात उलट्या दिशेनेही काम चाललं होतं. १८९४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम हॅल्स्टेडने आपली कॅन्सरची शस्त्रक्रिया जगासमोर मांडली: पूर्ण स्तन, खालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर तीच पद्धत चालली. जीव वाचवण्याच्या त्या काळच्या समजुतीने ते बरोबर होतं. पण मागे राहिलेल्या बाईने उरलेलं आयुष्य कसं काढायचं, हा प्रश्न कुणाच्या यादीत नव्हता.

इथे थोडं घरचं सांगते. माझ्या मावशीचं एका बाजूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शाळेत होते. बरी झाली, आजही ठणठणीत आहे, शेतात जाते. पण घरी आल्यावर तिची तक्रार वेगळीच होती, की तोल जातो. ब्लाउज एका बाजूला ओढला जातो, पदर सरकतो, खांदा दुखतो. तिने स्वतःच उपाय काढला. जुन्या मऊ लुगड्याची पिशवी, आत कापूस, आणि कापूस हलका पडतो म्हणून वजनाला मूठ-दोन मूठ मोहरी. मग गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी तिच्या सगळ्या ब्लाउजांना आतून खिसा लावून दिला. त्या दोघींनी यावर पंधरा मिनिटं चर्चा केली असेल, एकदाही आवाज खाली न करता. नात्यातल्या बाकी बायका मात्र म्हणायच्या, "जीव वाचला ना, आता या वयात काय करायचंय?" मावशी तेव्हा बेचाळीस वर्षांची होती.

त्या मोहरीच्या पिशवीत आणि चेर्नीच्या लिपोमात मला तरी काही फरक दिसत नाही. दोन बाजू सारख्या हव्यात, एवढंच.

बरं, चेर्नीनंतर काय झालं? तर माणसाला शॉर्टकट सापडला. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेरसुनीने १८९९ मध्ये शरीरात पॅराफिन, म्हणजे मेण, टोचून पाहिलं, आणि लवकरच ते लोकांनी सौंदर्यासाठी छातीत टोचायला सुरुवात केली. सुरुवातीला झकास दिसायचं. मग ते मेण सरकायचं, गोळे व्हायचे, कातडी फुटायची. पुढे १९५० च्या दशकात स्पंज आला, पॉलिव्हिनाइलचा. तो आत गेल्यावर आकसायचा आणि दगडासारखा कडक व्हायचा. महायुद्धानंतर जपानमध्ये द्रव सिलिकॉन थेट टोचायला लागले, त्याचेही हाल झाले. या सगळ्यात मला एकच पॅटर्न दिसतो: लाँचच्या दिवशी डेमो भारी, आणि पाच वर्षांनी मेंटेनन्सला कुणी नाही.

आता ह्यूस्टन, टेक्सास. साल १९६२.

टिमी जीन लिंड्सी. सहा मुलांची आई, घटस्फोट झालेला, कारखान्यात कामाला. ती सरकारी दवाखान्यात गेली होती छातीवरचं गुलाबांचं टॅटू काढून घ्यायला. मोठ्या स्तनांची तिची काही मागणी नव्हती. तिथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो हे दोन सर्जन एका नव्या वस्तूसाठी पहिली बाई शोधत होते: सिलिकॉनच्या पिशवीत सिलिकॉनचं जेल. कल्पना गेरोला रक्ताची प्लास्टिकची पिशवी हातात धरल्यावर सुचली असं सांगतात. आधी एका कुत्रीवर करून पाहिलं होतं, तिचं नाव एस्मेराल्डा. टिमी जीनला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मला तर माझे बाहेर आलेले कान नीट करून हवेत. सौदा झाला: कानही करतो, इम्प्लांटही बसवतो. जगातली पहिली सिलिकॉन इम्प्लांटची बाई ही अशी झाली, कानांसाठी.

आणि म्हातारपणी पत्रकारांनी तिला विचारलं तेव्हा तिने जे सांगितलं ते आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. तिला वाटलं होतं हे कायम ताठ राहतील. नाही राहिले. वयाबरोबर नेहमीच्या स्तनांसारखेच तेही ओघळले.

असं का होतं, ते जरा नीट समजून घेऊ, कारण इथे खूप गैरसमज आहेत. लोकांना वाटतं इम्प्लांट म्हणजे आधार, आत खांब रोवल्यासारखा. पण तो खांब नाही, ते ओझं आहे. स्तनाला आतून धरून ठेवणारे तंतू असतात. लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरने १८४० च्या आपल्या पुस्तकात त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना कूपरचे लिगामेंट म्हणतात. हे तंतू आणि वरची कातडी, एवढ्याच दोन गोष्टींवर सगळा भार. वजन कमी-जास्त झालं, बाळंतपण झालं, वय वाढलं, की दोन्ही सैल पडतात. इम्प्लांट असो वा नसो. इम्प्लांट असलं तर वरून आणखी वजन.

मग दोन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि बाहेरून दोन्हीला आपण "ओघळलं" म्हणतो. एकात इम्प्लांट जागेवरच राहतं आणि मूळ स्तन त्याच्यावरून खाली घसरतो. सर्जन लोक याला वॉटरफॉल म्हणतात, धबधबा. दुसऱ्यात इम्प्लांटच आपला कप्पा खाली ताणत नेतं आणि स्तनाखालच्या घडीच्याही खाली जाऊन बसतं. तिसरी एक गोष्ट आहे जी उलट वर ओढते. शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती स्वतःचं पातळ आवरण तयार करतं. ते आवरण कधी कधी आवळतं, तेव्हा इम्प्लांट कडक होतं आणि वर चढतं. हे किती झालंय ते मोजायला १९७५ पासून बेकरच्या चार पायऱ्या वापरतात. आता हे एका बाजूला झालं आणि दुसऱ्या बाजूला नाही झालं, तर डावं-उजवं वेगळं दिसणारच. म्हणजे कधी कधी जी बाजू "बिघडली" वाटते ती ठीक असते, आणि जी वर राहिलीय तिच्यातच गडबड असते. हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं की हा प्रश्न डॉक्टरला नक्की विचार.

ओघळण्याचं मोजमापही एका बाईनेच करून ठेवलंय. कॅनडातल्या माँट्रियलच्या सर्जन पॉल रेनो यांनी १९७६ मध्ये साधी पट्टी दिली: निपल स्तनाखालच्या घडीच्या पातळीवर आहे, खाली आहे, की सगळ्यात खालच्या टोकाला आहे. आजही डॉक्टर हेच बघतात.

आणि दुरुस्ती? इथे मला त्या शिवणकामवाल्या काकू पुन्हा आठवतात. स्तन वर उचलण्याच्या ऑपरेशनला मास्टोपेक्सी म्हणतात. त्यात जास्तीची कातडी कापून उरलेली नव्या आकारात शिवायची असते. प्रश्न असा, की गोल वस्तूवर बसणारी कातडी सपाट आखायची कशी? १९५६ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट वाइज या सर्जनने एक नमुना दिला, चावीच्या भोकासारखा आकार आणि दोन्हीकडे पसरलेल्या दोन बाह्या. हा त्याने कुठून आणला असेल? ब्रा शिवणाऱ्यांच्या कागदी नमुन्यांवरून. कटोरी ब्लाउज शिवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, कापड कुठे कापायचं, टक्स कुठे घ्यायचा म्हणजे सपाटाचं गोल होतं, ती खडूने दोन मिनिटांत आखून दाखवेल. सर्जरीच्या पुस्तकात तो वाइज पॅटर्न. पुण्यात मेणाचा पत्रा कपाळावर ठेवून रेघ मारली होती, तेही हेच की! आधी नमुना, मग कात्री.

पण इम्प्लांट आत असताना उचलणं हे नुसत्या शिवणकामाहून अवघड. कारण दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. उचलताना कातडी कमी करून आवळायची, आणि आतलं इम्प्लांट तीच कातडी बाहेर ढकलतंय. टाका एका बाजूने ओढतोय, वजन दुसऱ्या बाजूने. आमच्या कामात असं होतं ना, एक बग फिक्स केला की त्यामुळेच दुसरा उघडतो, तसं. म्हणून सर्जन परिस्थिती बघून वेगवेगळं करतात: इम्प्लांट लहान बसवतात, स्नायूच्या वर असेल तर खाली नेतात, कप्पा ताणला असेल तर आतून शिवून छोटा करतात, आवळलेलं आवरण काढतात, कधी पोटाची चरबी काढून कमी पडणाऱ्या बाजूला भरतात, कधी दोन टप्प्यांत ऑपरेशन करतात. आणि काही बायका सरळ म्हणतात, काढून टाका आता, आहे ते उचलून द्या. तोही पूर्ण उपाय आहे, हार नाही.

मैत्रिणीच्या आवाजात मला सगळ्यात जास्त ऐकू आली ती लाज. जणू आपण हौस केली आणि देवाने शिक्षा दिली. तर आकडा ऐका. अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं, की इम्प्लांट ही जन्मभराची वस्तू नाही. सौंदर्यासाठी बसवलेल्या दर पाचपैकी एका बाईला दहा वर्षांच्या आत ते काढावं लागतं. कॅन्सरनंतर बसवलेल्यांत तर दोनपैकी एकीला. म्हणजे दुसरं ऑपरेशन हा अपघात नाही, तो या वस्तूचा स्वभाव आहे. पहिल्या दिवशी हे सांगायला हवं होतं.

सांगितलं का जात नाही, याचाही इतिहास आहे. अमेरिकेत तीस वर्षं लाखो बायकांना इम्प्लांट बसले, आणि नीट पुरावे मागायची वेळ आली ती १९९२ मध्ये, जेव्हा एफडीएने सिलिकॉन जेलवर कडक बंधनं घातली. डाऊ कॉर्निंग कंपनी खटल्यांखाली १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९९९ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने मोठा अहवाल दिला. त्याचा सूर असा, की अंगभर पसरणारे आजार इम्प्लांटमुळे होतात याला पुरावा नाही, खरा त्रास आहे तो जागेवरचा: फुटणं, आवळणं, आणि पुन्हा पुन्हा ऑपरेशन. कोर्टात आणि टीव्हीवर सगळं भांडण मोठ्या आजारांवर झालं, आणि रोजच्या त्रासाकडे कुणी फारसं पाहिलंच नाही. २००६ मध्ये जेल परत बाजारात आलं. मग फ्रान्समध्ये पीआयपी नावाच्या कंपनीने इम्प्लांटमध्ये कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरलेलं २०१० मध्ये उघड झालं, मालक तुरुंगात गेला. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाचे काही इम्प्लांट एका दुर्मिळ कॅन्सरशी संबंध दिसल्यामुळे जगभरातून परत मागवले. म्हणून, ज्यांनी बसवलंय त्यांनी आपल्या इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवा. कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर त्यावर असतो. मोबाइलचं बिल आपण जपतो, मग हे का नाही?

आता पैशाचं. हा भाग कंटाळवाणा आहे पण ऐका. १९९८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की विमा कंपनी कॅन्सरसाठी स्तन काढण्याचा खर्च देत असेल तर तिने पुन्हा बसवण्याचाही द्यायचा, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसऱ्या, निरोगी बाजूवर करायच्या ऑपरेशनचाही. 'सारखेपणा' हा शब्द चक्क कायद्यात आला. आपल्याकडे काय? हेल्थ पॉलिसीच्या पीडीएफमध्ये एक्सक्लुजनचा भाग उघडा, कोड 'एक्सक्ल ०८' शोधा. तिथे लिहिलंय, की दिसणं बदलण्यासाठीची कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी कव्हर नाही. पण पुढे 'शिवाय' आहे: अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना सोडून. हे विमा नियामकाने ठरवलेलं प्रमाणित वाक्य आहे. म्हणजे माझ्या मावशीसारख्या बाईकडे आज पॉलिसी असेल, तर "हे कॉस्मेटिक आहे" एवढं ऐकून तिने काउंटरवरून परत फिरू नये, हे वाक्य दाखवावं. सौंदर्यासाठी बसवलेल्या इम्प्लांटची दुरुस्ती मात्र साधारणपणे स्वतःच्याच खिशातून.

मग गरिबाने काय करायचं? २०१८ मध्ये तामिळनाडू सरकारने चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजमध्ये स्तनांची शस्त्रक्रिया मोफत सुरू केली, फक्त कॅन्सरवाल्यांसाठी नाही, सगळ्यांसाठी. केवढी टीका झाली! लोकांच्या पैशावर नखरे, डेंग्यूला औषध नाही आणि हे काय. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, की एक बाजू लहान, एक मोठी असलेल्या मुली लग्न टाळतात, पाठ-खांदे दुखतात, आणि पैसे नसलेले लोक कर्ज काढून कुठेही जातात. माझं मत डॉक्टरांच्या बाजूने आहे. डेंग्यूचं औषध न मिळण्याचा दोष त्या मुलींवर टाकणं मला पटत नाही.

महाराष्ट्रात या शास्त्राची मुळं घट्ट आहेत. स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. डॉ. नोशीर अँटिया इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून परत आले आणि पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरोग्यांची बसलेली नाकं आणि वाकडी बोटं नीट करायला लागले, नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. पुन्हा पुणे, पुन्हा नाक! या माणसांना प्लास्टिक सर्जरी म्हणजे नखरे असं कधीच वाटलं नाही. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे. आपल्या मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, जालन्याहून तास-दीड तासावर.

आणि ती पट्टी लक्षात आहे ना, काउसजीच्या भुवयांमधली? कॅन्सरनंतर इम्प्लांट न वापरता स्तन परत घडवायचा एक मार्ग म्हणजे पाठीचा एक रुंद स्नायू, वरच्या कातडीसकट, त्याची रक्तवाहिनी न तोडता, काखेखालून फिरवून पुढे आणणं. इटलीच्या इजिनिओ तान्सिनीने हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला करून दाखवलं होतं, नंतर लोक विसरले आणि १९७० च्या दशकात पुन्हा उचललं. १९८२ मध्ये अमेरिकेच्या कार्ल हार्ट्रॅम्पने पोटाची कातडी-चरबी तशीच वर आणली. पाठीचं असो वा पोटाचं, रक्ताचा धागा तोडायचा नाही, हे सूत्र तेच. अशा घडवलेल्या स्तनाचं वजन तुमच्याबरोबर वाढतं, तुमच्याबरोबर कमी होतं, आणि म्हातारपणी तोही ओघळतो. दुसऱ्या बाजूबरोबर, जवळपास एकाच वेगाने.

मैत्रिणीने हा सगळा मजकूर रेकॉर्डिंगच्या आधी वाचला. तिने तीन प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरकडे नेले: कुठली बाजू बिघडली आहे, खालची की वरची? इम्प्लांट सरकलंय की वरचा भाग घसरलाय? आणि काढून टाकलं तर काय दिसेल? ऑपरेशनची तारीख अजून ठरलेली नाही. ती म्हणाली, घाई नाही, आधी सासूबाईंना सांगणार आहे, कारण नंतर सहा आठवडे पाण्याचा हंडा उचलायचा नाही म्हणतात, आणि ते कारण न सांगता जमणार नाही.

पुढच्या एपिसोडला असई. बैलांसकट.